क्लाउड साठवणीतील विदेची विश्लेषण मंचाशी जोडणी

क्लाउड साठवणीतील विदेची विश्लेषण मंचाशी जोडणी म्हणजे आंतरजालावरून उपलब्ध होणाऱ्या दूरस्थ साठवणीत ठेवलेल्या नोंदी, तक्ते व फाइली विश्लेषण करणाऱ्या संगणक प्रणालीला वाचता याव्यात, यासाठी केलेली तांत्रिक व प्रशासकीय व्यवस्था होय. विदा म्हणजे डेटा. साठवणीचे काम विदा सुरक्षित ठेवण्याचे असते. विश्लेषण मंचाचे काम त्या विदेतून बेरजा, तुलना, आलेख, नकाशे आणि डॅशबोर्ड तयार करण्याचे असते. या दोहोंना जोडणाऱ्या व्यवस्थेत वाचनाची परवानगी, फाइलचे स्वरूप, विदा ताजी करण्याची वेळ आणि नोंदींचा परस्परांशी मेळ या चार बाबींचा समावेश होतो.

व्यापारी संस्थांत विक्री, साठा व जमाखर्च यांच्या विश्लेषणासाठी या जोडणीचा वापर सुरू झाला. पुढे तिचा उपयोग शासकीय खाती, बँका, परिवहन, आरोग्य व कृषी या क्षेत्रांतही होऊ लागला. जोडणी तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाली, तरी निष्कर्ष बरोबर येतीलच असे नाही. गावाचे नाव, क्षेत्राचे एकक आणि दिवसाची सीमा यांविषयी दोन्ही बाजूंत एकवाक्यता नसेल, तर डॅशबोर्ड विनातक्रार चुकीचे आकडे दाखवतो. अशा आकड्यांवर पीक नुकसानीची मदत किंवा पीक विमा अवलंबून असेल, तर चुकीचा भार शेतकऱ्यावर पडतो.

संज्ञा

मराठीत 'क्लाउड कॉम्प्युटिंग'साठी 'मेघ संगणन' आणि 'डेटा'साठी 'विदा' हे शब्द रूढ होत आहेत. व्यवहारात मात्र 'क्लाउड' आणि 'डेटा' हेच शब्द अधिक ऐकू येतात. 'बिझनेस इंटेलिजन्स' या संज्ञेचा अर्थ उपलब्ध नोंदींवरून निर्णयाला उपयोगी पडेल अशी माहिती काढणे असा आहे. या कामासाठी तयार केलेल्या प्रणालीला विश्लेषण मंच म्हणतात. पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर व क्विकसाइट हे परिचित व्यापारी मंच असून मेटाबेस व अपाचे सुपरसेट हे मुक्त स्रोत प्रकारातील आहेत.

इतिहास

आयबीएम कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये 'बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम' या विषयावर लेख प्रसिद्ध केला. १९८९ पासून हॉवर्ड ड्रेसनर यांच्यामुळे ही संज्ञा व्यवसायजगतात रूढ झाली. १९९० च्या दशकात बिल इन्मन व राल्फ किम्बॉल यांच्या ग्रंथांतून 'डेटा वेअरहाउस' म्हणजे विदा कोठार ही कल्पना स्थिरावली. या काळात कोठार आणि विश्लेषणाची प्रणाली बहुधा संस्थेच्या स्वतःच्याच संगणकांवर असे. त्यामुळे जोडणी हा अंतर्गत विषय होता.

मार्च २००६ मध्ये ॲमेझॉनने 'एस-थ्री' ही साठवण सेवा सुरू केली. वापराच्या प्रमाणात भाडे देऊन हवी तेवढी जागा मिळू लागली. मायक्रोसॉफ्ट व गूगल यांनीही अशा सेवा आणल्या. विदा दूरस्थ साठवणीत गेल्यामुळे तिला विश्लेषणाशी जोडणे हे स्वतंत्र तंत्र बनले. २०१५ मध्ये पॉवर बीआय सर्वांसाठी खुले झाले आणि मध्यम व लहान संस्थाही असे मंच वापरू लागल्या.

भारतात २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे क्लाउड केंद्रे सुरू केली. २०१६ मध्ये ॲमेझॉनचे व २०१७ मध्ये गूगलचे केंद्र मुंबईत सुरू झाले. त्यामुळे विदा देशाबाहेर न पाठवता अशा सेवा वापरणे शक्य झाले. केंद्र शासनाचा 'मेघराज' हा राष्ट्रीय क्लाउड २०१४ मध्ये कार्यान्वित झाला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. असे धोरण स्वीकारणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

रचना

साठवण

या जोडणीत बहुतेक वेळा 'ऑब्जेक्ट स्टोरेज' या प्रकारची साठवण असते. तीत प्रत्येक फाइल एका नावाने 'बकेट' किंवा 'कंटेनर' या नावाच्या भांडारात ठेवली जाते. फाइल पूर्ण लिहिली व पूर्ण किंवा अंशतः वाचली जाते, परंतु तिच्यातील एखादीच ओळ जागच्या जागी बदलता येत नाही. म्हणून नवीन नोंदींसाठी सहसा नवीन फाइल लिहिली जाते. फाइलींची नावे वर्ष, महिना, जिल्हा अशा क्रमाने ठेवल्यास मंचाला नेमका हवा तेवढाच भाग वाचता येतो.

फाइलचे स्वरूप

सीएसव्ही हे सर्वांत साधे स्वरूप होय. त्यात स्वल्पविरामाने विभागलेल्या ओळी असतात, परंतु कोणता स्तंभ अंकांचा व कोणता तारखेचा हे त्यात नोंदलेले नसते. जेसन या स्वरूपात प्रत्येक मूल्यासोबत त्याचे नाव असते. २०१३ मध्ये आलेले पार्के हे स्वरूप स्तंभानुसार साठवण करते आणि प्रत्येक स्तंभाचा प्रकारही नोंदवते. त्यामुळे ५० स्तंभांपैकी ३ स्तंभ हवे असल्यास तेवढेच वाचले जातात, तर सीएसव्हीमध्ये संपूर्ण फाइल वाचावी लागते.

जोडणीच्या पद्धती

जोडणीच्या मुख्य पद्धती चार आहेत.

१. आयात : मंच ठरावीक वेळी साठवणीतील फाइली वाचून स्वतःकडे प्रत करून घेतो. आलेख लवकर उघडतात, परंतु दिसणारे आकडे शेवटच्या आयातीच्या वेळचे असतात. पॉवर बीआयच्या 'प्रो' परवान्यात दिवसातून ८ वेळा नियोजित आयात करता येते.

२. थेट चौकशी : प्रत्येक वेळी मंच मूळ स्रोताला प्रश्न विचारतो. आकडे ताजे मिळतात, मात्र प्रत्येक क्लिकबरोबर वेळ व खर्च वाढतो. नुसत्या फाइलींना प्रश्न विचारता येत नसल्यामुळे मध्ये चौकशी यंत्रणा लागते.

३. चौकशी यंत्रणेमार्फत : अथेना, बिगक्वेरी यांसारखी यंत्रणा साठवणीतील फाइलींना तक्त्याचे रूप देते आणि एसक्यूएल भाषेतील प्रश्नांची उत्तरे काढते. फाइली जागच्या जागी राहतात.

४. विदा कोठारामार्फत : फाइलींतील नोंदी तपासून, स्वच्छ करून कोठारात भरल्या जातात आणि मंच कोठाराशी जोडला जातो. ही पद्धत सर्वांत श्रमाची असली, तरी अनेक स्रोतांतील नोंदी एकमेकींशी जुळवायच्या असतील तेव्हा तीच अधिक विश्वसनीय ठरते.

काही मंचांना कोणत्या फाइली वाचायच्या हे एका यादीतून सांगावे लागते. क्विकसाइट मंच एस-थ्रीतील फाइली वाचताना अशी यादी असलेली 'मॅनिफेस्ट' फाइल मागतो.

जोडणीचा क्रम

पद्धत कोणतीही असली, तरी कामाचा क्रम साधारणपणे सारखाच असतो. प्रथम विश्लेषणातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते ठरवले जाते. त्यानुसार आवश्यक फाइली निवडून त्यांतील प्रत्येक स्तंभाचा अर्थ, प्रकार व एकक लिहून ठेवले जाते. या लेखी नोंदीला विदाकोश म्हणता येईल. त्यानंतर मंचासाठी स्वतंत्र ओळख तयार करून तिला केवळ त्या फाइली वाचण्याची परवानगी दिली जाते. जोडणी करून थोड्या नोंदी मागवल्या जातात, स्तंभांचे प्रकार तपासले जातात आणि तक्ते परस्परांशी जुळवले जातात. शेवटी एखाद्या छोट्या भागाची बेरीज हाताने करून ती डॅशबोर्डवरील बेरजेशी ताडून पाहिली जाते. ही शेवटची पायरी वगळली, तर पुढील भागात वर्णन केलेल्या चुका दीर्घकाळ लक्षात येत नाहीत.

महाराष्ट्रातील कृषिविषयक विदा

अनेक स्रोतांतील विदा एकत्र जुळवण्याची निकड महाराष्ट्रात कृषी क्षेत्रात ठळकपणे दिसते. जमिनीची मालकी गाव नमुना ७ मध्ये व पिकांची नोंद गाव नमुना १२ मध्ये असते. पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून छायाचित्रासह करावी, यासाठी 'ई-पीक पाहणी' हा उपक्रम १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. 'महावेध' प्रकल्पांतर्गत स्कायमेट कंपनीच्या सहभागाने महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली असून त्यांची संख्या २,००० हून अधिक आहे. जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात ५,१४२ गावे होती. त्यांत पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्यातील गावांचाही समावेश होता.

बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुका या खारपाण पट्ट्यात मोडतो. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील प्रमुख पिके आहेत. येथील एखाद्या शेतात पीक कोणते, मंडळात पाऊस किती आणि मदत कोणाला देय, हे ठरवताना पीक नोंद, पर्जन्य नोंद व मालकी नोंद एकत्र पाहावी लागते. या नोंदी वेगवेगळ्या खात्यांकडे, वेगवेगळ्या हेतूंनी व वेगवेगळ्या स्वरूपांत निर्माण होतात. एका विश्लेषण मंचावर त्या आणल्या, तरी त्यांना एकमेकींशी बांधणारा समान दुवा निवडावा लागतो. व्यवहारात तो दुवा गावाचा, मंडळाचा किंवा गट क्रमांकाचा असतो.

विदेची एकवाक्यता

स्थळनामे

गावाच्या नावावरून तक्ते जुळवणे ही सर्वांत सोपी दिसणारी व सर्वाधिक फसवी पद्धत आहे. 'शेगाव' व 'शेगांव', 'बुलढाणा' व 'बुलडाणा' अशी दुहेरी लेखने कागदपत्रांत आढळतात. माणूस ती एकच समजतो, संगणकाला ती भिन्न वाटतात. याउलट एकाच नावाची अनेक गावे असतात. बुलढाणा जिल्ह्याप्रमाणेच चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात व सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातही शेगाव नावाचे गाव आहे. जळगाव हे जिल्ह्याचे नाव असून जळगाव जामोद हा बुलढाणा जिल्ह्यातील तालुका आहे. पहिल्या प्रकारात खऱ्या नोंदी गळतात, दुसऱ्यात परक्या नोंदी मिसळतात. यासाठी केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील ग्रामसंकेतांक किंवा जनगणनेतील संकेतांक दुवा म्हणून वापरणे श्रेयस्कर ठरते.

लिपी

देवनागरी मजकुरात आणखी काही अडचणी येतात. 'कऱ्हाड' किंवा 'शेतकऱ्याचे' यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द असतात. त्यातच 'कराड' हे रूपही प्रचलित आहे. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या नोंदी मुळात वेगळ्या संकेतांत असतात, म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय त्या मंचावर अर्थहीन अक्षरांप्रमाणे दिसतात. '१२५' असे देवनागरी अंक अनेक प्रणाली संख्या न मानता मजकूर मानतात व बेरजेतून वगळतात.

गट क्रमांक व क्षेत्र

पोटहिस्सा असलेला गट क्रमांक '१२/१' इंग्रजी अंकांत लिहून स्प्रेडशीटमध्ये उघडल्यास तो तारीख समजला जाऊन बदलतो. फाइल तशीच जतन होऊन साठवणीत गेली, तर मूळ क्रमांक परत मिळत नाही. हा स्तंभ पहिल्यापासून मजकूर म्हणून घोषित करावा लागतो.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर या क्रमाने '१.०५.००' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ १ हेक्टर ५ आर, म्हणजे १.०५ हेक्टर असा होतो. ते '१.५' असे उतरवले गेल्यास संगणक १ हेक्टर ५० आर समजतो आणि क्षेत्र ४५ आरने वाढते. बोलण्यात एकर व गुंठे वापरले जात असल्याने एककाचा स्वतंत्र स्तंभ असणे आवश्यक ठरते. १ एकर म्हणजे ४० गुंठे किंवा सुमारे ४०.४७ आर होय.

दिवस व वर्ष

क्लाउड सेवांत वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत नोंदली जाते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे पहाटे ५.३० पूर्वीची नोंद रूपांतर न केल्यास आदल्या दिवसाच्या नावे पडते.

पर्जन्यमापनात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. भारतीय हवामानशास्त्रात पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजतात. महाराष्ट्रात अतिवृष्टीच्या नुकसानीसाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस हा निकष वापरला जातो. समजा, एखाद्या मंडळात रात्री ९ ते १२ या वेळेत ४० मिलिमीटर आणि मध्यरात्रीनंतर पहाटे ४ पर्यंत ३० मिलिमीटर पाऊस पडला. पावसाच्या दिवसानुसार बेरीज ७० मिलिमीटर होते व निकष पूर्ण होतो. मंचाने मध्यरात्री दिवस बदलल्यास ४० व ३० असे दोन आकडे येतात आणि कोणत्याही दिवशी अतिवृष्टी दिसत नाही. जोडणीत बिघाड नसतो, फाइलीतील प्रत्येक नोंद खरी असते, तरीही निष्कर्ष उलटा येतो.

वर्षाचीही तीच स्थिती आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून, तर महसुली वर्ष १ ऑगस्टपासून सुरू होते. विश्लेषण मंच मात्र स्वतःहून १ जानेवारीपासूनचे वर्ष धरतात.

पंचांग

शेगाव हे संत गजानन महाराजांचे समाधिस्थान आहे. माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन व ऋषिपंचमीची पुण्यतिथी या दिवशी येथे भाविकांची मोठी गर्दी होते. हे दिवस तिथीनुसार येत असल्याने इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. प्रकटदिन २०२३ मध्ये १३ फेब्रुवारीला, २०२४ मध्ये ३ मार्चला व २०२५ मध्ये २० फेब्रुवारीला होता. ऋषिपंचमी २०२४ मध्ये ८ सप्टेंबरला, तर २०२५ मध्ये २८ ऑगस्टला आली. विश्लेषण मंचांत 'गतवर्षीच्या याच महिन्याशी तुलना' ही तयार सोय असते. शेगावातील एखाद्या निवासाच्या किंवा प्रसादाच्या दुकानाच्या नोंदींवर ती लावल्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये व्यवसाय एकदम वाढल्याचे व मार्चमध्ये घटल्याचे दिसेल. प्रत्यक्षात केवळ उत्सव एका महिन्यातून दुसऱ्यात सरकलेला असतो. यावर उपाय म्हणून तारीख, तिथी, उत्सव व सुट्ट्या यांचा स्वतंत्र तक्ता तयार करून तो मूळ नोंदींशी जोडला जातो.

सुरक्षा व गोपनीयता

जोडणीसाठी मंचाला साठवणीची किल्ली द्यावी लागते. ही किल्ली गुप्त संकेताच्या, मुदतीच्या दुव्याच्या किंवा सेवेला दिलेल्या स्वतंत्र ओळखीच्या रूपात असते. कामापुरतीच परवानगी द्यावी, हे यातील मूलतत्त्व आहे. ज्याला केवळ वाचायचे आहे त्याला लिहिण्याचा किंवा पुसण्याचा अधिकार नसावा. एखाद्या व्यक्तीच्या खाजगी खात्यावरून जोडणी केल्यास ती व्यक्ती बदलून गेल्यावर जोडणी तुटते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, नकळत चालूच राहते.

सोयीसाठी भांडार सर्वांना खुले ठेवणे हा वारंवार आढळलेला दोष आहे. जून २०१७ मध्ये अमेरिकेतील डीप रूट ॲनालिटिक्स या कंपनीच्या खुल्या राहिलेल्या भांडारातून सुमारे १९ कोटी ८० लाख मतदारांची माहिती उघड झाल्याचे निष्पन्न झाले. एप्रिल २०२३ पासून ॲमेझॉनने नवीन भांडारांवर सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद ठेवण्यास सुरुवात केली.

मंचावरही अधिकारांची विभागणी करावी लागते. एकाच डॅशबोर्डवर तालुका अधिकाऱ्याला त्याच्या तालुक्याच्या व जिल्हा अधिकाऱ्याला संपूर्ण जिल्ह्याच्या ओळी दिसाव्यात, अशी सोय बहुतेक मंचांत असते. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. शेतकऱ्याचे नाव, आधार क्रमांक, बँक खाते किंवा भाविकाचा दूरध्वनी क्रमांक ही वैयक्तिक विदा होय. विश्लेषणाला बेरजा व सरासऱ्या पुरेशा असतील, तर असे स्तंभ मंचापर्यंत न नेणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

खर्च

खर्चाचे तीन भाग पडतात : साठवणीचे भाडे, वाचलेल्या विदेचे शुल्क आणि मंचाच्या परवान्याचे शुल्क. अथेनासारख्या यंत्रणेत प्रश्नासाठी जेवढी विदा वाचली जाते त्या प्रमाणात आकारणी होते. म्हणून स्तंभनिहाय स्वरूप व वर्ष-जिल्ह्यानुसार विभागलेल्या फाइली यांमुळे खर्च घटतो. साठवण एका कंपनीची व मंच दुसऱ्या कंपनीचा असेल, तर विदा बाहेर नेण्याचेही शुल्क लागू शकते. लहान संस्थेसाठी दिवसातून एकदा आयात करणे बहुधा पुरेसे असते.

मर्यादा

जोडणीमुळे मूळ नोंदींतील उणिवा दूर होत नाहीत. ज्या शेतकऱ्याने मोबाइल नसल्यामुळे पीक नोंदवलेच नाही, त्याचे शेत डॅशबोर्डवर रिकामे दिसते. पडीक शेत व नोंद न झालेले शेत यांत फरक करण्यासाठी 'शून्य' व 'नोंद नाही' ही मूल्ये वेगळी ठेवावी लागतात. स्रोताने स्तंभाचे नाव किंवा क्रम बदलल्यास आयात थांबते किंवा चुकीच्या स्तंभातील आकडे येतात. म्हणून आलेखाशेजारी विदा कोणत्या दिवसापर्यंतची आहे, किती नोंदी जुळल्या व किती जुळल्या नाहीत, हे दर्शवण्याची पद्धत इष्ट मानली जाते. न जुळलेल्या नोंदींची यादी गावपातळीवर तपासण्यासाठी परत पाठवल्यास मूळ नोंदींतही सुधारणा होते.

हे सुद्धा पहा

मेघ संगणन
विदा कोठार
ई-पीक पाहणी
महावेध
सातबारा उतारा
खारपाण पट्टा
शेगाव